डेव्हलपरांसाठी सोशल नेटवर्क बांधताना: आधी कोड, मग फीड

सोशल नेटवर्क बांधायचं म्हटलं की बहुतेक जण आधी फीड काढायला बसतात. प्रोफाइल, फॉलोचं बटण, लाइक, नोटिफिकेशन आणि मधोमध सरकत जाणारी पोस्टांची रांग. डेव्हलपरांची साइट अशी उभी राहत नाही. प्रोग्रॅमर मंडळी एकमेकांना ओळखतात ती कामातून. कोणाचं तरी फंक्शन वाचून, किंवा आपल्याला दोन दिवस छळणाऱ्या बगवर कोणी नेमकं बोट ठेवलं म्हणून. स्टॅक ओव्हरफ्लो ही प्रोग्रॅमिंगच्या प्रश्नोत्तरांची साइट आणि गिटहब ही कोड ठेवण्याची, ही दोन्ही ठिकाणं २००८ साली सुरू झाली. एकाच्या मुळाशी प्रश्न होता, दुसऱ्याच्या मुळाशी रिपॉझिटरी, म्हणजे कोडचं भांडार. माणसांचं जाळं त्याभोवती हळूहळू विणलं गेलं.

म्हणून इथे आपण एक आटोपशीर, पण खरोखर वापरता येईल अशी साइट बांधणार आहोत. सभासद कोडचा तुकडा टाकतो, दुसरे त्यावर ओळीओळीला अभिप्राय देतात आणि ज्याचा अभिप्राय कामाचा वाटला त्याला तो फॉलो करतो. काहीही बांधायला घेण्याआधी एक प्रश्न विचारायचा: यामुळे टाकलेल्या कोडला २४ तासांत जाणत्या माणसाचं उत्तर मिळण्याची शक्यता वाढेल का? वाढणार नसेल तर ते काम मागे ठेवा. खासगी चॅट, बॅज, मोबाइल अ‍ॅप हे सगळं या चाळणीत आपोआप मागे पडतं.

पाया साधाच ठेवा

जँगो, रेल्स, लाराव्हेल या वेब फ्रेमवर्कांपैकी जे तुमच्या हातात बसलंय ते घ्या. सोबत पोस्टग्रेस हा डेटाबेस आणि मागे चालणाऱ्या कामांसाठी एक जॉब क्यू, म्हणजे कामांची रांग. पानं सर्व्हरवरच तयार करून पाठवा, म्हणजे ती लवकर उघडतात आणि सर्च इंजिनांनाही नीट वाचता येतात. तांत्रिक उत्तरं शोधणारी माणसं तिथूनच येतात, तेव्हा हा मुद्दा हलका समजू नका. सुरुवातीलाच मायक्रोसर्व्हिसेसच्या, म्हणजे साइटचे अनेक छोटे स्वतंत्र प्रोग्रॅम करण्याच्या, वाटेला जाऊ नका. स्टॅक ओव्हरफ्लोसारखी प्रचंड वाचली जाणारी साइट वर्षानुवर्षं मोजक्या सर्व्हरांवर, एकसंध अ‍ॅप्लिकेशन म्हणून चालली. तुमच्या पहिल्या हजार सभासदांना एक बरा सर्व्हर पुरून उरेल.

खातं आणि ओळख

गिटहबने लॉगिन करण्याची सोय द्या, कारण डेव्हलपरांना ती अंगवळणी पडलेली आहे. यात दोन ठिकाणी घात होतो. पहिला परवानगीचा. ओऑथमध्ये (दुसऱ्या साइटच्या खात्याने लॉगिन करण्याच्या पद्धतीत) मागायची परवानगी फक्त सार्वजनिक प्रोफाइल आणि ईमेलपुरती ठेवा. गिटहबची ‘रेपो’ ही परवानगी खासगी रिपॉझिटरी वाचायची आणि बदलायचीही मुभा देते. ती मागितलीत तर जाणता माणूस त्या पडद्यावरूनच परत फिरेल, आणि त्याचं बरोबरच असेल.

दुसरा घात ओळख जुळवण्यात आहे. बाहेरून आलेला ईमेल आणि आपल्याकडचा ईमेल सारखा दिसला की खाती जोडून टाकायचा मोह होतो. तो ईमेल पडताळलेला नसेल तर कोणीही दुसऱ्याच्या नावाने आत शिरेल. युजरनेमवरूनही जुळवू नका. गिटहबवर युजरनेम बदलता येतं आणि सोडलेलं नाव दुसरा कोणी घेऊ शकतो. गिटहब प्रत्येक खात्याला कायमचा अंकी आयडी देतं, तोच साठवा.

पासवर्डची सोयही ठेवायची असेल तर तो आर्गॉन२आयडी या आर्गॉन२च्या प्रकाराने हॅश करा, म्हणजे मूळ पासवर्ड परत काढता येणार नाही अशा रूपात साठवा. आर्गॉन२ हे २०१५ साली पासवर्ड हॅशिंगच्या जाहीर स्पर्धेत निवडलं गेलं. बीक्रिप्टही चालतं, पण ते पहिल्या ७२ बाइटांपलीकडचं काही पाहत नाही, हे लक्षात असू द्या. सेशन (लॉगिनची नोंद) डेटाबेसमध्ये आणि त्याची खूण कुकीत ठेवा. ती कुकी जावास्क्रिप्टला वाचता येऊ नये, फक्त एचटीटीपीएसवरूनच जावी आणि तिची सेमसाइट ही सेटिंग (दुसऱ्या साइटवरून आलेल्या विनंतीसोबत कुकी जावी का हे ठरवणारी) ‘लॅक्स’ असावी. लॉगिनचं टोकन (खूण) ब्राउझरच्या लोकल स्टोरेजमध्ये ठेवण्याची पद्धत बोकाळली आहे, पण पानावर एक परकी स्क्रिप्ट घुसली की ते टोकन गेलंच म्हणून समजा.

युजरनेमसाठी फक्त लहान रोमन अक्षरं, अंक आणि आडवी रेघ चालू द्या. सिरिलिक लिपीतला ‘ए’ आणि रोमन ‘ए’ दिसायला हुबेहूब सारखे असतात. ही सूट दिलीत तर तोतये सभासद उभे राहतील. दाखवायचं नाव मात्र कुठल्याही लिपीत असू दे. ‘अ‍ॅडमिन’, ‘लॉगिन’, ‘सेटिंग्ज’, ‘एपीआय’ यांसारखे शब्द पहिल्याच दिवशी राखून ठेवा, नाहीतर कोणाचं तरी प्रोफाइल तुमच्याच पानाच्या पत्त्यावर येऊन बसेल.

कोडचा तुकडा: सगळ्यात जास्त वेळ इथे घाला

साधी पोस्ट म्हणजे एका टेबलमधली एक रो. लेखकाने मजकूर बदलला की तीच रो बदलते. कोडला हे चालत नाही. समजा, कोणी १४व्या ओळीवर लिहिलं की इथे कनेक्शन बंद होत नाही. लेखकाने ती चूक सुधारली आणि वर तीन ओळी वाढवल्या. आता अभिप्राय भलत्याच ओळीला चिकटलेला दिसतो, आणि ज्याने नेमकी चूक पकडली तोच वाचणाऱ्याला चुकीचा वाटतो. असं दोनदा झालं की तो माणूस पुन्हा अभिप्राय द्यायला येत नाही.

म्हणून तीन टेबलं करा. ‘तुकडा’ या टेबलात लेखक, शीर्षक, भाषा आणि ‘नेमकं काय विचारायचंय’ हे रकाने. ‘आवृत्ती’ या टेबलात तुकड्याचा आयडी, आवृत्तीचा क्रमांक, पूर्ण कोड आणि वेळ. एकदा लिहिलेली आवृत्ती पुन्हा कधीही बदलायची नाही. ‘अभिप्राय’ या टेबलात आवृत्तीचा आयडी, सुरुवातीची ओळ, शेवटची ओळ, मजकूर आणि लेखक. नवी आवृत्ती आली की दोन आवृत्त्यांमधला फरक काढा आणि ज्या ओळी तशाच राहिल्या त्यांवरचे अभिप्राय नव्या ओळ-क्रमांकावर दाखवा. ज्या ओळी बदलल्या त्यांचे अभिप्राय ‘आधीच्या आवृत्तीवर’ अशी खूण करून दुमडून ठेवा, पुसू नका. चूक कशी सुधारली हे दिसणं हाच वाचणाऱ्याचा खरा लाभ असतो.

कोड साठवताना त्याला हात लावू नका. ओळीच्या सुरुवातीच्या मोकळ्या जागा काढल्या तर पायथन मोडतं, टॅबच्या जागी स्पेस घातल्या तर मेकफाइल मोडते. एकच बदल करायचा, तो म्हणजे विंडोज आणि युनिक्स यांची वेगवेगळी ओळ-समाप्ती एकसारखी करून घ्यायची, नाहीतर ओळ-क्रमांक आणि फरक दोन्ही बिघडतात. रंगीत मांडणी शिकीसारख्या लायब्ररीने सर्व्हरवर एकदाच करून तयार एचटीएमएल साठवा. आवृत्ती बदलतच नसल्यामुळे हा तयार साठा (कॅशे) शिळा व्हायचा प्रश्न येत नाही.

मग येते सुरक्षा. या साइटवर लोक मुद्दाम कोड टाकायलाच येतात, त्यामुळे स्क्रिप्ट घुसण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त. ऑक्टोबर २००५ मध्ये मायस्पेस या सोशल नेटवर्कवर ‘सॅमी’ नावाचा वर्म (आपोआप पसरणारा कोड) असाच प्रोफाइलमधून पसरला आणि २४ तास उलटायच्या आत दहा लाखांहून जास्त प्रोफाइलांवर पोहोचला. अभिप्रायांसाठी मार्कडाउन (साध्या खुणांनी मजकूर मांडण्याची पद्धत) द्या, पण तिचं कॉमनमार्क हे प्रमाण पाळणारा पार्सर, म्हणजे मजकूर उलगडणारा प्रोग्रॅम, वापरा, त्यातून निघालेलं एचटीएमएल परवानगी दिलेल्या टॅगांच्या यादीतून गाळा आणि शेवटी कंटेंट सिक्युरिटी पॉलिसी (पानावर काय चालू द्यायचं हे ब्राउझरला सांगणारा नियम) लावून इनलाइन, म्हणजे पानातच लिहिलेल्या, स्क्रिप्ट बंद करा. गाळणी मार्कडाउनचं एचटीएमएल झाल्यानंतरच लावायची. आधी लावली तर तिचा उपयोग नाही.

कोडच्या साइटला एक खास धोका आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये केंब्रिज विद्यापीठातल्या संशोधकांनी ‘ट्रोजन सोर्स’ नावाची युक्ती उघड केली. अरबी, हिब्रू यांसारख्या उजवीकडून डावीकडे जाणाऱ्या लिप्यांसाठी युनिकोडमध्ये दिशा बदलणारी अदृश्य चिन्हं आहेत. ती कोडात पेरली की माणसाला एक क्रम दिसतो आणि कंपायलर दुसराच वाचतो. लोक तुमच्या साइटवरून कोड उचलून नेणार आहेत. ही नऊ चिन्हं कोडात आढळली तर ती ठळकपणे दाखवा आणि वर सूचना लावा.

तितकंच महत्त्वाचं म्हणजे लोक चुकून स्वतःच्या गुप्त किल्ल्याही (एखादी सेवा वापरायचे सांकेतिक शब्द) टाकतात. अनेक सेवांच्या एपीआय किल्ल्या ठरावीक अक्षरांनी सुरू होतात, त्यामुळे साध्या रेग्युलर एक्स्प्रेशनने, म्हणजे अक्षरांचा साचा जुळवून, त्या ओळखता येतात. ही तपासणी तुकडा प्रसिद्ध होण्याआधी करा आणि लेखकाला थांबवून विचारा. एखादी किल्ली निसटलीच तर नुसतं ‘काढून टाका’ म्हणू नका, ‘ती सेवेकडे जाऊन रद्द करा आणि नवी घ्या’ असं स्पष्ट सांगा. जाहीर पानावर काही मिनिटं राहिलेली किल्ली गेलेलीच धरायची. अपरिवर्तनीय आवृत्तीचा नियम मोडायची परवानगी एवढ्याच एका कारणासाठी ठेवा.

साइटवरच कोड चालवून दाखवावा असं फार वाटेल. पहिल्या वर्षी तरी नको. साधे कंटेनर (प्रोग्रॅम वेगवेगळे चालवण्याचे कप्पे) सर्व्हरचा कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, वाटून घेतात, त्यामुळे अनोळखी कोडसाठी ते पुरेसं कुंपण नाही, आणि मोफत कोड चालवून देणाऱ्या सेवांवर क्रिप्टो-मायनिंगवाले तुटून पडतात. फक्त एचटीएमएल आणि जावास्क्रिप्ट चालवायचं असेल तर ते वाचणाऱ्याच्या ब्राउझरमध्ये, सँडबॉक्स केलेल्या (अधिकार मर्यादित केलेल्या) आयफ्रेममध्ये, म्हणजे पानातल्या पानात, आणि पूर्ण वेगळ्या डोमेनवर चालवा. गिटहबने २०१३ साली सभासदांची पानं मुख्य डोमेनवरून हलवून वेगळ्या डोमेनवर नेली, ती याच काळजीपोटी.

टॅग आणि शोध

टॅग म्हणजे योग्य डोळ्यांपर्यंत कोड नेणारी वाट. म्हणून ती मोकाट सोडू नका. ‘जावास्क्रिप्ट’, ‘जेएस’ आणि ‘ईएस६’ असे तीन टॅग झाले तर तिन्हीकडे थोडे थोडे लोक उरतात आणि कोणालाच उत्तर मिळत नाही. टॅगांचं एक टेबल, पर्यायी नावांचं दुसरं. माणूस काहीही टाइप करो, साठवताना मूळ टॅगच साठवा. नवा टॅग काढण्याचा हक्क आधी फक्त तुमच्याकडे ठेवा.

शोधासाठी पोस्टग्रेसची फुल टेक्स्ट सर्च आणि तिला वेग देणारा जीआयएन इंडेक्स बराच काळ पुरतात. वेगळं सर्च इंजिन नंतर आणा. पण पोस्टग्रेसच्या या सर्चचा पार्सर साध्या गद्यासाठी घडवलेला आहे. ‘सी++’ आणि ‘सी#’ यांतली चिन्हं तो गाळून टाकतो आणि दोघांचंही नुसतं ‘सी’ होतं. म्हणून भाषा आणि टॅग हे शोधाच्या मजकुरात मिसळू नका, त्यांना वेगळे फिल्टर करा. फंक्शनांची नावं अर्धवट टाकूनही सापडावीत यासाठी ट्रायग्रॅम इंडेक्स लावा. तो कोडातल्या अक्षरांचे तीन-तीनचे गट करून जुळवतो.

फॉलो आणि फीड

फॉलोचं टेबल दोनच रकान्यांचं: कोण आणि कोणाला. दोन्ही मिळून प्रायमरी की (प्रत्येक रो वेगळी ओळखण्याची खूण), शिवाय उलट क्रमाने दुसरा इंडेक्स, कारण ‘माझे फॉलोअर’ ही क्वेरी त्या बाजूने येते. स्वतःलाच फॉलो करता येऊ नये अशी अट डेटाबेसमध्येच घाला. माणसांप्रमाणे टॅगही फॉलो करता यावेत. नव्या सभासदाला साइटवर कोणीच ओळखीचं नसतं, पण रस्ट ही भाषा आपल्याला आवडते एवढं त्याला नक्की माहीत असतं.

फीड कसं भरायचं याचे दोन मार्ग आहेत. वाचताना गोळा करायचं, किंवा पोस्ट पडली की प्रत्येक फॉलोअरच्या यादीत आधीच टाकून ठेवायचं. ट्विटरने दुसरा मार्ग धरला होता, पण कोट्यवधी फॉलोअर असलेल्या खात्यांसाठी त्यांनाही तो सोडून वाचताना जोडणी करावी लागली. तुम्ही पहिला धरा. लेखक आणि वेळ यांवर मिळून इंडेक्स असेल तर शेकडो जणांना फॉलो करणाऱ्याचं फीडही एका क्वेरीत, डोळ्याला न जाणवणाऱ्या वेळात निघतं.

पुढचं पान दाखवताना ऑफसेट (‘इतक्या रो सोडून पुढच्या दे’ अशी मागणी) वापरू नका. डेटाबेस आधीच्या सगळ्या रो वाचून टाकून देतो, आणि मधेच नवी पोस्ट आली की शेवटची पोस्ट पुढच्या पानावर पुन्हा दिसते. शेवटच्या पोस्टची वेळ आणि आयडी कर्सर, म्हणजे कुठवर वाचलं याची खूण, म्हणून पाठवा आणि ‘याच्या आधीच्या २०’ असं मागा.

क्रमवारीसाठी हॅकर न्यूज या तांत्रिक बातम्यांच्या साइटचं सूत्र समोर ठेवा: मिळालेल्या गुणांतून एक वजा करायचा आणि त्याला ‘तास अधिक दोन’ याच्या १.८व्या घाताने भागायचं. म्हणजे पोस्ट जसजशी जुनी होते तसतशी ती झपाट्याने खाली जाते. ते बातम्यांसाठी चांगलं आहे. आपल्याला मात्र ज्याला उत्तर मिळालेलं नाही ते वर हवंय. म्हणून लॉगिन केलेल्या माणसाला पहिलं पान दाखवा ते त्याच्या टॅगांमधल्या अनुत्तरित तुकड्यांचं, सगळ्यात जास्त वेळ ताटकळलेला तुकडा सर्वांत वर. फॉलो केलेल्यांचं फीड दुसऱ्या टॅबमध्ये. पूर्ण साइटमध्ये हा एक निर्णय मी सगळ्यात आग्रहाने सांगेन. इथेच ही जागा इतरांपेक्षा वेगळी ठरते.

मान कसा मिळतो

स्टॅक ओव्हरफ्लोवर मत द्यायला १५, कुठेही प्रतिक्रिया लिहायला ५० आणि खाली मत द्यायला १२५ गुण लागतात. गुणांनी अधिकार उघडत जाणं ही पद्धत चांगली आहे, कारण स्पॅम करणाऱ्याला वाट पाहणं परवडत नाही. पण एकच मोठा आकडा माणसाविषयी फारसं सांगत नाही. एसक्यूएलमध्ये मुरलेला माणूस सीएसएसवर काय म्हणतो याला वेगळं वजन हवं. गुण टॅगनिहाय मोजा, आणि ते लाइकवर न मोजता एका ठोस कृतीवर मोजा: लेखकाने अभिप्रायावर ‘याने माझा कोड बदलला’ असं नोंदवलं का. त्यासोबत कोणत्या आवृत्तीत बदल झाला याचा दुवा जोडून घ्या. मग प्रोफाइल उघडणाऱ्याला त्या माणसाने कोणाचे कोणते तुकडे कसे सुधारले हे पुराव्यानिशी दिसतं. नोकरीच्या मुलाखतीतही दाखवावं असं प्रोफाइल यातून तयार होतं.

नोटिफिकेशन आणि मेल

तुकडा पडला की त्या टॅगमध्ये चांगले गुण असलेल्या, अलीकडे सक्रिय असलेल्या तीन-चार जणांनाच सांगा. सगळ्यांना सांगितलं की प्रत्येकाला वाटतं दुसरा कोणी पाहील. मेल जॉब क्यूमधूनच पाठवा आणि एकाच तुकड्यावरचे अभिप्राय एका मेलमध्ये गुंफा. एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या, मेल खरोखर तुमच्याच डोमेनवरून आला हे पटवणाऱ्या, तिन्ही नोंदी डोमेनवर लावल्याशिवाय मेल पोहोचेल अशी खात्री धरू नका. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहू मोठ्या प्रमाणात मेल पाठवणाऱ्यांकडून या तिन्ही गोष्टी आणि जाहिरातवजा मेलसाठी एका क्लिकमध्ये बाहेर पडण्याची सोय मागतात.

देखरेख

तक्रारीचं बटण, तक्रारींची रांग आणि प्रत्येक कारवाईची नोंद ही तिन्ही पहिल्या दिवसापासून हवीत. कारवाईची ही नोंद लॉब्स्टर्स ही तांत्रिक दुव्यांवर चर्चा करणारी साइट सगळ्यांना पाहू देते, शिवाय कोणी कोणाला आत बोलावलं याचं झाडही जाहीर ठेवते. २०१२ पासून ती निमंत्रणावर चालते. सुरुवातीला तुम्हीही तसंच करा. नव्या खात्यांनी टाकलेल्या दुव्यांना ‘नोफॉलो’ आणि ‘यूजीसी’ या खुणा (हा दुवा सभासदाचा आहे, त्याला वजन देऊ नका असं सर्च इंजिनांना सांगणाऱ्या) लावा. दुव्यांचं पूर्वदृश्य दाखवत असाल तर सर्व्हरने अंतर्गत पत्ते उघडू नयेत, विशेषतः क्लाउडचा मेटाडेटा (सर्व्हरची अंतर्गत माहिती) देणारा १६९.२५४.१६९.२५४ हा पत्ता. रीडायरेक्टनंतरचा पत्ताही तपासायला विसरू नका.

यंत्राने लिहिलेले अभिप्राय हा आजचा अवघड भाग आहे. स्टॅक ओव्हरफ्लोने डिसेंबर २०२२ मध्येच चॅटजीपीटीने लिहिलेल्या उत्तरांवर बंदी घातली, कारण ती खात्रीलायक वाटत आणि चुकीची निघत. शैलीवरून ओळखण्याच्या साधनांवर विसंबू नका, निरपराध माणसं त्यात सापडतात. त्याऐवजी प्रत्येक अभिप्राय ठरावीक ओळींना जोडणं सक्तीचं करा आणि नव्या खात्याला दिवसाला पाचच अभिप्राय द्या. घाऊक भरणा तिथेच अडतो.

कोडचा परवाना तुकडा टाकतानाच विचारून घ्या. एमआयटी हा मोकळा परवाना आधीच निवडलेला ठेवा, बदलायची मुभा द्या. खातं बंद करणाऱ्याला स्वतःचा सगळा डेटा उतरवून घेता यावा. मे २०१८ पासून लागू झालेल्या युरोपच्या जीडीपीआर या डेटा संरक्षण कायद्यानुसार तर तो त्याचा हक्कच आहे. तो गेल्यावर त्याचे अभिप्राय ‘माजी सभासद’ या नावाखाली ठेवायचे की पुसायचे, हे त्यालाच निवडू द्या.

दार उघडताना

बॅकअप दुसऱ्या ठिकाणी जातो आहे का ते पाहा, आणि तो एकदा रिकाम्या सर्व्हरवर प्रत्यक्ष उतरवून साइट चालू करून बघा. मग २५-३० माणसं बोलवा, तीही एकाच भाषेची किंवा एकाच फ्रेमवर्कची. दहा भाषांचे तीन-तीन जण आले तर कोणाचाच कोड वाचायला कोणी नसतं. पहिले काही आठवडे प्रत्येक तुकड्याला तुम्ही स्वतः उत्तर द्या.

रोज सकाळी एक क्वेरी चालवा: गेल्या आठवड्यात पडलेल्या तुकड्यांपैकी किती टक्क्यांना २४ तासांत लेखकाव्यतिरिक्त दुसऱ्या कोणाचा अभिप्राय मिळाला, आणि त्यातून तुमचे स्वतःचे वगळले तर किती उरतात. हा आकडा टॅगनिहाय काढा. ज्या टॅगमध्ये तुमच्याशिवायही तो ८० टक्क्यांवर टिकतो, तिथे नवी निमंत्रणं सोडा. जिथे तो घसरतो तिथली निमंत्रणं त्याच दिवशी थांबवा, त्या टॅगमधल्या दोन-तीन जुन्या सभासदांना नावाने मेल लिहा आणि अडकलेले तुकडे त्यांच्यापुढे ठेवा.